कोरडा घास

१

हरिश्चंद्र मास्तर निवृत्त झाले आणि रत्नागिरीच्या वरच्या आळीत घड्याळाची गरज उरली नाही. सकाळी सहाला मास्तर विहिरीवर, आठला ओटीवर, अकराला पानावर आणि बाराच्या ठोक्याला काळोखाच्या खोलीच्या दारात. बाकीच्या वेळा एखाद्या दिवशी मागेपुढे होत, बाराची कधी होत नसे. जानव्याला अडकवलेली किल्ली हातात घ्यायची, कुलूप काढायचे, आतली शिसवी पेटी उचलून माजघराच्या खिडकीपाशी आणायची आणि मलमलीच्या फडक्याने नाणी पुसत बसायचे.

कोणी विचारले तर "आहेत थोडी जुनीपानी" म्हणून मास्तर उडवून लावत. पण मुंबईच्या एका जाणत्या साहेबाने त्या नाण्यांविषयी त्यांना दोनदा पत्र लिहिले होते आणि ती दोन्ही पत्रे पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली होती. शिवराया होत्या, पोर्तुगीजांचे तांगे होते, क्षत्रपांची नखाएवढी चांदीची नाणी होती. राजिवड्याच्या, मुंबईपर्यंत गलबत नेणाऱ्या मुसा तांडेलाने आणून दिलेल्या सात लाऱ्या होत्या. लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. जुन्या काळी ह्या किनाऱ्यावर ती नाणे म्हणून चाले, आणि न समजणाऱ्याला बायकांच्या केसांतला आकडा वाटे. प्रत्येक नाण्यासाठी सुताराकडून खळगा कोरून घेतलेला, खळग्याला लाल फलाणीचे अस्तर. सगळ्यांत वरच्या ओळीतला, मधला खळगा तेवढा रिकामा होता. तो आठ वर्षे रिकामाच होता.

१९३४ सालच्या माघातल्या एका दुपारी मास्तरांनी पेटी उघडली, तेव्हा त्या रिकाम्या खळग्यात चिमूटभर पांढरी पूड होती.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. भुंगा लागला, त्यांनी मनाशी म्हटले. शिसवीला भुंगा लागायचा नाही असे सुतार शपथेवर सांगून गेला होता, पण सुतारांच्या शपथा मास्तर ओळखून होते. त्यांनी पूड फुंकून टाकली, कडुलिंबाचा पाला घातला आणि चार वाजेपर्यंत पेटीची लाकडे भिंगातून तपासली. भोक कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाराला पूड पुन्हा होती. तिथेच, तेवढीच.

२

त्या खळग्यात एक होन असे. तो शेवटपर्यंत सापडला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच कोणी त्याची वाट पाहत बसू नये.

पावसच्या एका बागाईतदाराला कलमांसाठी खड्डे खणताना तो सापडला होता. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरासा मोठा, पण सोने असे की पाहत राहावे. बागाईतदाराला रुपये नको होते, सोन्याच्या बदली सोनेच हवे होते. मास्तरांच्या घरात सोने कुठले? ते तीन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी राहीअक्काने आपल्या ट्रंकेच्या तळातून एक पुरचुंडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. आत तिच्या मंगळसूत्राचे मणी होते.

"घे. मला आता ह्यांचा काय उपयोग?" ती म्हणाली. "होन होऊन तुझ्या पेटीत तरी हवेवर राहतील."

राहीअक्का ही मास्तरांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा वारला आणि ती माहेरी आली, ती कायमची. डोक्याचे केस गेले, अंगावर लाल आलवण आले. आई गेल्यावर पाच वर्षांच्या हरीला तिनेच वाढवले. पुढे मास्तरांची बायको इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, तेव्हा अक्काने काही न बोलता चुलीचा ताबा पुन्हा घेतला. नाण्यांतले तिला काही कळत नसे. एकदा तिने भावाला आनंद व्हावा म्हणून चार शिवराया चिंचेने घासून लख्ख करून ठेवल्या होत्या. जुन्या नाण्याला चिंच लावणे म्हणजे त्याचे वय खरवडून काढणे. त्यापायी मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. बोलणे टाकणे हे त्यांचे जुने हत्यार होते.

तेव्हा पेटी माजघरात उघड्यावर, कोनाड्यात असे. कुलूप नव्हते. १९२६ सालच्या चैत्रात, एका रविवारी संध्याकाळी मास्तरांनी पेटी उघडली आणि होन नव्हता.

त्या दिवशी घरात तिघेच येऊन-जाऊन होते. अक्का, केरवारा आणि सारवण करणारी चिमा, आणि नारळ पाडायला आलेला भागोजी. मास्तरांनी घर उलथे केले. चुलीतली राखसुद्धा चाळली. मग ते ओटीवर येऊन म्हणाले, "आता फौजदारालाच बोलवावे लागेल."

चिमा रडायलाच लागली. भागोजी हात जोडून उभा राहिला. "मास्तरांनू, फौजदार नको," तो म्हणाला. "तो पयली आमची पाठ सोलनार, मंग इचारनार. आमच्या वाडीत चोरी झाली का घाड्याचा तांदूळ चावायला देतात. तो द्या. आमी खातो."

घाडी म्हणजे देवाचा मानकरी, कौल लावणारा, तांदूळ मंतरून देणारा. संशयितांनी ते कोरडे तांदूळ चावायचे आणि पानावर काढायचे. खऱ्याचा घास ओला निघतो, चोराचा कोरडा. एरवी मास्तरांनी ह्याला हसून वाटेला लावले असते. पण त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचले होते की भीतीने माणसाची लाळ आटते. म्हणजे ह्यात देव नसला तरी शास्त्र होते. अडाणी माणसाचा उपाय आणि शिकलेल्याचे कारण एकत्र आले की मग कोण ऐकतो? मास्तर म्हणाले, "आणा तांदूळ."

३

घाड्याची पुडी भाट्याच्या खाडीवरच्या तरीतून आली. ती उघडायची कधी, ह्याबद्दल त्याचे एवढेच सांगणे होते: सूर्य डोक्यावर असताना. चैत्रात शाळा सकाळची असे. मास्तर सकाळी मऊभात खाऊन गेले, साडेअकराला परत आले आणि मागच्या पडवीत त्यांनी केळीच्या पानाचे दोन तुकडे मांडले.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "तीन मांड."

"तुझा काय संबंध?"

"घरात मीही होतेच की. गरिबांना दोघांनाच बसवलंस तर त्यांना काय वाटेल? मांड म्हणते ना."

आणि ती जरा अंतर सोडून, त्यांच्याच रांगेत बसली. ऊन असे होते की पडवीच्या चिऱ्यांवर पाय ठरत नव्हता. मास्तरांनी तिघांच्या हातावर चिमूट चिमूट तांदूळ ठेवले. अक्काने ते तळहातावर क्षणभर तसेच धरले आणि मग तोंडात टाकले. तिघे चावू लागले. दुसरा आवाज नव्हता. मास्तर हातात घड्याळ घेऊन उभे होते, परीक्षेला उभे राहत तसे.

"काढा," ते म्हणाले.

चिमाचा घास लापशीसारखा ओला होता. भागोजीचा तर विड्याच्या रसाने लालसर झालेला. अक्काच्या पानावर पांढरे पीठ पडले. त्यात अर्धेमुर्धे दाणे तसेच होते, आणि जराशी झुळूक आली तशी वरची पूड उडून तिच्या आलवणावर बसली.

चिमाने मान खाली घातली. अक्काने मात्र भावाकडे पाहिले. तो आता काहीतरी विचारील, अशा अपेक्षेने पाहिले. चोर पकडला गेल्यावर पाहतो तसे ते पाहणे नव्हते, हे मास्तरांना तेव्हाच दिसले होते. दिसूनही त्यांच्या डोक्यात आले ते मंगळसूत्राचे मणी. तिचेच सोने. मनातून परत हवे असेल.

"बरं. झालं," मास्तर म्हणाले. "उठा."

एवढेच. ना ओरडले, ना विचारले. पुढे पुष्कळ वर्षे त्यांना आपल्या ह्या मोठेपणाचे फार कौतुक वाटत असे.

४

दुसऱ्या दिवशी पेटी काळोखाच्या खोलीत गेली. माजघराला लागून असलेली ही बिनखिडकीची खोली; पूर्वी बाळंतिणीची, मग लोणच्याच्या बरण्यांची. बरण्या बाहेर आल्या. मुसा तांडेलाने मुंबईहून पितळी कुलूप आणून दिले.

"शेटच्या तिजोरीचा कुलूप हाय, मास्तर," मुसा ओटीवर बसून म्हणाला. "चावी गेली तर लोहारपन हात टेकील." मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "पन घरात तर तुमी दोगाच. बहीन-भाव. कुलूप कोनासाठी?"

मास्तरांनी किल्ली जानव्याला अडकवली. आत पाणी काढणाऱ्या अक्काचा हात थांबला होता, एवढे त्यांनी ऐकले.

चोरीचा बंदोबस्त मास्तरांनी शास्त्रशुद्ध केला. प्रत्येक नाण्याचा पेन्सिलीने कागदावर ठसा उतरवून घेतला. पेटीच्या झाकणावर जाता-येता एक केस आडवा चिकटवून ठेवायचा, उघडली तर तुटावा. दाराला घुंगरू बांधले. ट्रंका तपासल्या, अक्काचीही, ती विहिरीवर गेली असताना. शाळेतून आले की पायसुद्धा न धुता ते आधी काळोखाच्या खोलीत शिरत. अक्का तोवर हातातले काम टाकून माजघरात उभी राही.

"झालं बघून?" ती विचारी. "मग पान घेते."

ह्यात टोमणा नसे. टोमणा असता तर भांडण झाले असते, आणि भांडण झाले असते तर कदाचित सगळे उलगडले असते. पण ती खरोखरच विचारत असे, ताक घालू का म्हणून विचारावे तसे. असे तिने सहा वर्षे विचारले. त्या सहा वर्षांत मास्तर तिच्याशी बोलत होते; बाजारहाटाचे, सणावाराचे, छपराच्या कौलांचे. त्या दुपारचे कधीच नाही. आता त्यांना वाटते, बंदोबस्त बंदोबस्त म्हणून आपण जे केले ते दुसरे काय होते? ज्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घातले, तिच्यावर पाळत ठेवली. जन्मभरात ह्याहून वाईट काम आपल्या हातून झाले नाही.

१९३२च्या श्रावणात अक्का तापाने गेली. शेवटच्या दिवशी तिला नीटशी शुद्ध नव्हती. मास्तर उशाशी वाकले, तेव्हा जानव्याची किल्ली तिच्या गालाला लागली. तिने ती हाताने बाजूला केली आणि म्हणाली, "सांभाळ हो. पडेल कुठेतरी."

५

पूड रोज येऊ लागली.

मास्तरांनी अस्तर बदलले. पेटीला घासलेट चोळले. दिवसभर उन्हात ठेवली. कौलांतून काही झरत असेल म्हणून खोलीला वरून कापड ताणले. ज्या खळग्यांत नाणी होती त्यांना कणभर धक्का नव्हता. पूड फक्त त्या एका खळग्यात, आणि फक्त दुपारी. सकाळी दहाला पाहिले तर खळगा स्वच्छ. बाराला पाहिले तर पूड. झाकणावरचा केस जागच्या जागी.

एक दिवस त्यांनी ती बोटाने चोळली. लाकडाचा भुसा असा लागत नाही. त्यात अर्धा मोडलेला तांदळाचा दाणा होता.

उंदीर, मास्तर म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण घरात ऐकायला कोणी नव्हते. उंदीर तांदूळ आणून खातो आणि सांडतो. बंद पेटीत उंदीर कसा शिरतो, हा प्रश्न त्यांनी उद्यावर टाकला. इतकी वर्षे ते मुलांना सांगत आले होते की उत्तर येत नसेल तर आधी पुढचे गणित सोडवा. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते बाराच्या जरा आधीच दारापाशी जाऊन बसले. आळी जेवणाखाण्यात होती. कुठेतरी कावळा ओरडून गप्प झाला. मग आतून आवाज आला.

कर्र. कर्र. थांबला. पुन्हा कर्र.

उंदराचे कुरतडणे भराभर असते. हे सावकाश होते. दाढेखाली दाणा धरायचा, फोडायचा, जरा थांबायचे, पुन्हा धरायचा. मधल्या थांबण्यात जीभ टाळ्याला लागून सुटल्याचा आवाज येई, कोरड्या तोंडाचा. मास्तरांना तो आवाज ओळखीचा वाटला आणि तो ओळखीचा वाटू नये म्हणून त्यांनी घाईघाईने कुलूप काढले. घुंगरू वाजले. आवाज थांबला. खोलीत कोणी नव्हते. पिंजऱ्यातले खोबरे जसेच्या तसे होते.

असे पंधरा-वीस दिवस चालले. मास्तरांचे जेवण तुटले. भाताचा घास तोंडात घेतला की त्यांना चावणे ऐकू येई, आणि ते आपलेच की आतले, हे ठरवत ते तसेच बसून राहत. वाचायला घेतलेली ओळ तीन तीनदा वाचावी लागे. बाराला मात्र ते दाराशी हजर असत. न जाणे त्यांना जमत नव्हते.

होळी झाल्यावर एका दुपारी त्यांनी दार उघडले, तेव्हा पूड पेटीत नव्हती. पेटीपुढे जमिनीवर केळीच्या पानाचा एक तुकडा होता. ताजा, हिरवा, हाताने फाडलेला. त्याच्यावर पांढऱ्या पिठाची लहानशी ढिगुळी होती. हे उंदराला जमत नाही. हे मास्तरांनाही कबूल करावे लागले.

६

चिमा अजूनही घरी येत असे. आता ती म्हातारपणाकडे झुकली होती, पण सारवायचा हात तसाच होता. मास्तरांनी तिला बोलावले आणि पान दाखवले.

"हे तू ठेवलंस?"

चिमाने उंबऱ्यातूनच पाहिले. मग ती मटकन खाली बसली.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "ह्यो बायंचा घास."

"कुणाचा?"

"राहीबायंचा. त्या दिशी असाच पडलावता. मी माज्या डोल्यांनी बगितलाय."

"म्हणजे चोरी तिनंच केली, असंच ना?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

चिमा पदराचे टोक पिळू लागली. "चोरी कोनी क्येली, देवाक ठाव," ती म्हणाली. "मी नाय क्येली. पन बायंनी पन नाय क्येली. त्या दिशी एकादस व्हती, मास्तरांनू."

मास्तरांना आधी समजलेच नाही. एकादशी असेल; महिन्यात दोनदा असते. आणि मग समजले. अक्काची एकादशी निर्जळी असे. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मास्तर स्वतः उपासतापास करत नसत. त्यांचा मऊभात अक्का एकादशीलाही बिनबोभाट शिजवून देई. त्यामुळे आज कुठली तिथी, हे त्यांना कधी कळतच नसे.

"मी सकाली ईरीवर बायंना म्हटलं, केवडा ऊन हाय, वाईच पानी तरी प्या," चिमा सांगत होती. "म्हनाल्या, एकादस हाय गो. मंग पानी नाय तर तोंड वलं व्हनार कसा?"

"मग ती तांदूळ चावायला बसलीच कशाला? एकादशीला?"

"आमच्यासाठी बसल्या. तुमीच ऐकलावतंत ना त्या काय म्हनाल्या ते."

मास्तर भिंतीला टेकले. "आणि तू तेव्हा का बोलली नाहीस, चिमे?"

"बोलनार व्हते. तोंड उगाडलंवतं." चिमा आता रडत होती. "पन मी बोलले असते, बायंचा घास काय खरा नाय, तर मंग चोर कोन? मी नायतर भागोजी. तुमी फौजदाराक बोलावलं असतंत. बायंनी माज्याकडं बगितलं आनि मान हालवली, अशी. म्हंजे गप ऱ्हा. त्यांना वाटलं आसल, आपला भाव हाय, तो इचारील, मंग सांगू. तुमी इचारलंतच नाय. मंग कुलूपच आलं."

चिमा गेल्यावर मास्तरांनी माळ्यावरची जुन्या पंचांगांची चवड उतरवली. त्या सालाचे पंचांग मिळाले. चैत्र वद्य पक्षात त्यांनी बोट फिरवले. जिथे थांबले तिथून ते पुढे सरकेना.

सहा वर्षे. तिने सहा वर्षे रोज पान वाढले, आणि त्यातल्या कुठल्याही दिवशी एक वाक्य विचारायला मास्तरांना काय अडचण होती? आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. तिच्यासमोर म्हणायचे होते की तू केले नाहीस. समोर ती नव्हती, आणि खोलीत मात्र कोणीतरी होते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी घुंगरू कापून टाकले. कुलूप काढले आणि किल्लीसकट विहिरीत सोडले. काळोखाच्या खोलीचे दार, माजघराचे दार, मागचे, पुढचे, सगळी दारे सताड उघडी केली. मग विहिरीचे ताजे पाणी काढून तांब्या भरला, त्यात वाळ्याची जुडी घातली आणि बाराच्या सुमाराला ते खोलीत जाऊन पेटीसमोर मांडी घालून बसले.

बाहेर ऊन पांढरेशुभ्र होते. दारातून आलेला उजेड पेटीपर्यंत पोचत होता, पलीकडे नाही. मास्तरांनी पलीकडे न पाहायचे ठरवले होते. भीती वाटत होती, आणि भीती वाटते ह्याचीच जास्त लाज वाटत होती. आपल्याच बहिणीची भीती!

कर्र.

अगदी समोरून. पेटीच्या पलीकडून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

"अक्का," मास्तर म्हणाले. त्यांचेच तोंड कोरडे पडले होते. शब्द टाळ्याला चिकटत होते. "अक्का, होन तू नेला नाहीस. मला ठाऊक आहे."

चावणे चालूच राहिले. दाणा फुटला, थांबले, पुन्हा फुटला.

"चिमाने सांगितलं मला सगळं. मी चुकलो. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, मला दिसलं होतं. मी विचारायला हवं होतं गं."

चावणे थांबले.

मास्तरांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि पेटीवरून पुढे धरला. पाणी काठावरून सांडत होते. "घे," ते म्हणाले. "पाणी पी आधी. मग बोलू."

काळोखात काहीतरी हलले. मास्तरांनी पाहायचे नाही असे ठरवले होते तरी पाहिले. लालसर कापडाचा एक पट्टा, गुडघ्यावर ताणलेला. त्यावर पांढरी पूड. आणि उजेडात आलेला एक हात, मनगटापर्यंतच. तो तांब्या घ्यायला आला नव्हता. बोटांच्या मागच्या बाजूने त्याने तांब्या हळूच परतवला. मास्तर तिच्या पानात आग्रहाने तुपाची धार धरत, तेव्हा ती परतवायची तसाच. बोटे कडकडीत होती, चैत्रातल्या चिऱ्यासारखी.

मग ती बोलली. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हते. घशात थेंबभर ओल नसलेल्या माणसाचा, समजूत घालणारा आवाज.

"आज एकादशी आहे ना रे, हरी."

८

मास्तर आता बाराला रोज तांब्या घेऊन जातात. पेटी उघडी असते, दारे उघडी असतात. लाऱ्यांपैकी दोन मध्यंतरी नाहीशा झाल्या असे मुसा तांडेल म्हणाला. मास्तरांनी पाहिलेसुद्धा नाही. मुसा हळहळला, त्याला वाटले मास्तरांचे डोके फिरले.

पहिले काही दिवस त्यांनी वाद घालून पाहिला. एवढी शाळा शिकवलेला माणूस, त्याला वाटले, पटवून देता येईल. त्यांनी पंचांग आत नेले आणि दारातल्या उजेडात धरून वाचून दाखवले. "अक्का, आज द्वादशी आहे. हे बघ, छापलंय इथे. पारणं सोड." चावणे जरा थांबले. ऐकल्यासारखे वाटले. मग दाणा फुटला.

एकदा त्यांनी द्वादशीचा सगळा स्वयंपाक स्वतः केला. भात पातळ झाला, वरण करपले. पान वाढून त्यांनी पेटीपुढे ठेवले आणि बाहेर येऊन बसले. अक्का जिवंत असती तर त्या वरणाला हसली असती. संध्याकाळी पान तसेच होते, फक्त बाजूला सरकवलेले, आणि त्याच्या जागी केळीच्या पानाचा तो लहानसा तुकडा होता.

आता मास्तर वाद घालत नाहीत. त्यांना कळून चुकले आहे की घरात तिथ्या बदलतात त्या त्यांच्यासाठी, बाहेरच्यांसाठी. त्या खोलीत ऊन डोक्यावरून हललेले नाही. तिच्या तोंडात घास आहे, रांगेत तिच्या शेजारी दोन गरीब माणसे बसली आहेत, आणि समोर हातात घड्याळ घेऊन भाऊ उभा आहे. त्याने एक शब्द विचारला असता, तर त्या दिवसाची संध्याकाळ झाली असती. रात्र झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी प्यायले असते.